रेझिडेंट नाराज दिसले, तर प्रोग्रॅम रँक करायचा का? या चुका टाळा

फेब्रुवारी आला, की अमेरिकेत रेझिडेन्सीसाठी (डॉक्टरांच्या तिथल्या पदव्युत्तर ट्रेनिंगसाठी) धडपडणाऱ्या आपल्या पोरापोरींचे फोन सुरू होतात. "ताई, इंटरव्ह्यू मस्त झाला, पण तिथले रेझिडेंट काही खूश दिसले नाहीत. रँक करू का?" रँक करणं म्हणजे आपल्या पसंतीच्या क्रमवार यादीत त्या प्रोग्रॅमचं नाव टाकणं. यातल्या बऱ्याच चुका मी स्वतः करून बसले आहे, म्हणून हक्काने सांगते.

दमलेला आणि धास्तावलेला यांत गल्लत

जानेवारीत नाइट करून आलेला इंटर्न (तिकडे पहिल्या वर्षाचा रेझिडेंट) कॅमेऱ्यासमोर मरगळलेलाच दिसणार. त्यावरून प्रोग्रॅमवर काट मारू नका. माझ्या एका व्हिडिओ सोशलला, म्हणजे रेझिडेंटबरोबरच्या ऑनलाइन गप्पांना, चार रेझिडेंट होते. आपल्याकडे रात्रीचे अडीच, तिकडे दुपारचे चार. मी विचारलं, "आजारी पडलात तर तुमची ड्युटी कोण करतं?" तिघांनी एकदम स्वतःला म्यूट केलं. चीफ रेझिडेंट म्हणाला, "आम्ही सगळे एका कुटुंबासारखे आहोत." दमलेली माणसं या प्रश्नावर कुरकुर करतात, जोक मारतात. गप्प बसणं वेगळं.

म्हणून "खूश आहात का?" असं विचारूच नका, उत्तर ठरलेलं असतं. रात्री दोनला पेशंट बिघडला तर फोन कोणाला करता, तो उचलतो का, गेल्या तीन वर्षांत किती जण सोडून गेले, हे विचारा. एखादा लग्नामुळे किंवा ब्रँच बदलून जातोच. तीन-चार गेले असतील आणि कारण कोणीच सांगत नसेल, तर गेलेल्यांपैकी एकाला गाठा.

सरकारी हॉस्पिटलचं माप लावणं

ही खास आपली चूक. छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्युट्या बघून आलेल्याला आठवड्याचे 80 तास म्हणजे "एवढंच?" वाटतं. तिकडचा, म्हणजे प्रोग्रॅमना मान्यता देणाऱ्या एसीजीएमई या संस्थेचा, नियम असा: चार आठवड्यांची सरासरी 80 तासांच्या आत हवी आणि सरासरीने आठवड्यातून एक दिवस सुट्टी. म्हणजे एखादा आठवडा 95 तासांचा निघाला तरी तो नियमात बसू शकतो. खरी गोम वेगळीच असते. रेझिडेंट तास खरे लिहितात का? जादा तास लिहिल्यावर "तुझं टाइम मॅनेजमेंट सुधार" असं ऐकावं लागत असेल, तर कागदावरच्या 80 ला काही अर्थ नाही. एसीजीएमई दरवर्षी रेझिडेंटचा सर्व्हे घेते, पण मान्यता गेली तर आपलंच ट्रेनिंग अडकेल या भीतीनेही लोक गोडगोड लिहितात. प्रोग्रॅमची मान्यता वॉर्निंगवर किंवा प्रोबेशनवर आहे का, ते मात्र त्यांच्या साइटवर कोणालाही दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे. मी ते केलं नव्हतं.

नाराजी हॉस्पिटलच्या पैशांवरून असेल तर कान टवकारा. 2019 मध्ये फिलाडेल्फियातलं हानेमन हॉस्पिटल बंद पडलं आणि 550 हून अधिक रेझिडेंट-फेलोंना दुसरीकडे जागा शोधत फिरावं लागलं. व्हिसावर असलेल्याला ही धावपळ दुप्पट महागात पडते.

"असू दे शेवटी" म्हणून टाकणं, किंवा घाबरून काढणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. उमेदवार आणि प्रोग्रॅम यांच्या पसंतीच्या याद्या जुळवून जागा ठरवतात, तो मॅच. त्याचं गणित उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होतं. खाली एक नाव वाढवल्याने वरच्या नावांची शक्यता तसूभरही कमी होत नाही. (याच विषयातल्या कामाला, रॉथ आणि शॅप्ली यांना, 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तरी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी कोणीतरी त्यांना चूक ठरवतंच.) पण रँक करणं म्हणजे शब्द देणं. तिथे मॅच झालात तर हजर व्हायचंच, निदान पहिले 45 दिवस टिकायचंच. मॅच चालवणाऱ्या एनआरएमपीकडून सूट न घेता मागे फिरलात तर कारवाई होते. नंतर दुसरीकडे बदली करू म्हणाल, तर तिथे जागा रिकामी हवी आणि जुन्या पीडीकडून (प्रोग्रॅम डिरेक्टरकडून) तुमचं मूल्यमापनही जावं लागतं. ज्याच्यावर नाराज आहात त्याच्याच हातात ते.

तेव्हा प्रश्न चांगलं-वाईटचा नाहीच. मॅच वीकच्या, म्हणजे निकालाच्या आठवड्यातल्या, सोमवारी "मॅच झाला नाही" ही ईमेल, की शुक्रवारी या हॉस्पिटलचं नाव: कोणतं सोसेल? अमेरिकन पदवीधराचं उत्तर आणि आपलं उत्तर वेगळं असू शकतं. परदेशी नागरिक असलेल्या आयएमजींपैकी (अमेरिकेबाहेर मेडिकल शिकलेल्यांपैकी) दहातले साधारण चार जण रिकाम्या हाताने परततात. मग पास होऊन एक वर्ष आणखी लोटतं, कर्जाचे हप्ते असतातच. त्यामुळे जेवण बेकार, ईएमआर (पेशंटच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) जुनाट, अटेंडिंग (वरिष्ठ डॉक्टर) खडूस, एवढ्यावर मी नाव काढणार नाही, खाली ढकलेन. काढेन ते दोनच बाबतींत: रात्री इंटर्न एकटा असतो आणि वरचा फोन उचलत नाही, किंवा तक्रार केली की व्हिसाची आठवण करून दिली जाते.

त्या म्यूट झालेल्या तिघांपैकी एकीने दुसऱ्या दिवशी मेसेज केला: "आजारी पडलं की नंतर त्या कॉल-ड्युट्या फेडाव्या लागतात. मला फ्लूच्या दोन रात्री फेडायच्या आहेत. पण अटेंडिंग शिकवतात आणि रात्री फोन उचलतात." तो प्रोग्रॅम माझ्या यादीत सातवा राहिला. आठव्या नंबरच्या ठिकाणी सगळे रेझिडेंट हसतच होते. फक्त पीडी शेवटपर्यंत व्हिडिओ कॉलवरून हलल्या नव्हत्या.