राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारांवरील निकाल कसा वाचावा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा एखादा गाजलेला निकाल आला की संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या अभ्यासिकांतील बरेच विद्यार्थी ‘सहा विरुद्ध तीन’ एवढा न्यायमूर्तींच्या मतांचा आकडा टिपतात आणि न्यायालय पक्षपाती असल्याचा शेरा मारून मोकळे होतात. आकडा टिपावाच, पण सर्वांत शेवटी.

आधी वादग्रस्त आदेशाला आधार कोणता दाखवला आहे ते शोधावे: राज्यघटनेचे कलम, की काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) केलेला कायदा. निजामाच्या फर्मानाला असा आधार लागत नव्हता. अमेरिकेच्या अध्यक्षांना तो दाखवावाच लागतो. १९५२ मध्ये कोरियन युद्ध चालू असताना, पोलाद कामगारांचा संप टाळण्यासाठी तेव्हाचे अध्यक्ष ट्रुमन यांनी कारखाने ताब्यात घेतले आणि न्यायालयाने तो आदेश ६-३ अशा बहुमताने बेकायदा ठरवला. त्यातील न्यायमूर्ती जॅक्सन यांचे सहमतीचे स्वतंत्र मत सावकाश वाचावे, कारण आजही वापरली जाणारी कसोटी तिथे आहे: काँग्रेसची संमती असेल तर अध्यक्षांचे बळ सर्वाधिक, ती गप्प असेल तर संदिग्ध, आणि तिच्या इच्छेविरुद्ध वागल्यास सर्वांत कमी. हातातला खटला यांपैकी कुठे बसतो, ते वहीत एका वाक्यात लिहावे.

मग न्यायमूर्तींच्या नेमणुका पाहाव्यात, म्हणजे कोणाला कोणत्या अध्यक्षांनी नेमले ते. १९५२ च्या पीठातील सर्व नऊ न्यायमूर्ती ट्रुमन किंवा त्यांच्याच पक्षाचे आधीचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनीच नेमलेले होते, तरी ट्रुमन हरले. १९७४ मध्ये वॉटरगेट प्रकरणातील ध्वनिफितींच्या खटल्यात अध्यक्ष निक्सन यांनी नेमलेल्यांपैकी पीठावर बसलेले तिघेही ८-० अशा एकमताच्या निकालात त्यांच्या विरोधात गेले.

अलीकडच्या निकालांत मात्र संशयाला जागा आहे. २०२३ मध्ये बायडेन यांची विद्यार्थी कर्जमाफी रद्द करणारे आणि २०२४ मध्ये ट्रम्प यांना फौजदारी कारवाईपासून संरक्षण देणारे सहा न्यायमूर्ती तेच होते, आणि सहाही रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले. म्हणून दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत. पहिल्यात कायद्यातील ‘माफ करणे किंवा फेरबदल करणे’ या शब्दांचा अर्थ आखडून घेतला आहे. दुसऱ्यात, घटनेत स्पष्टपणे न लिहिलेले संरक्षण गाभ्याच्या अधिकारांसाठी संपूर्ण, तर इतर अधिकृत कृतींसाठी निदान गृहीत धरले आहे. पक्षपाताचा आरोप करायचाच असेल तर तो या विसंगतीवरून करावा, आणि त्याआधी दुसऱ्या निकालातील न्यायमूर्ती सोटोमायोर यांचे विरोधी मत वाचावे.

परीक्षेत भारताच्या सर्वोच्च न्यायालयातील बोम्मई खटल्याशी (१९९४) तुलना हमखास सुचते. तिथे राष्ट्रपती राजवटीची घोषणा न्यायालयीन तपासणीखाली आली, पण आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागत असल्यामुळे खरी कसोटी केंद्र सरकारची होती, हे उत्तरात आधी नोंदवावे.