रोम पायी फिरताय? रिकामी बाटली आणि सुटी नाणी जवळ ठेवा

रोममध्ये पाणी विकत घेऊ नका. रस्तोरस्ती बिडाचे ठेंगणे नळ आहेत, त्यांना ‘नासोने’ म्हणतात. १८७४ पासूनची ही सोय, आणि आजही शहरात असे दोन हजारांहून जास्त नळ आहेत. पाणी गार आणि पिण्याचंच. बाटली नसेल तर तोटीचं तोंड बोटाने दाबा, वरच्या बारीक भोकातून धार उडते, वाकून प्यायचं.

सकाळ चर्चसाठी राखा, कारण बरीच चर्च दुपारी बंद असतात. सान लुईजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये चित्रकार काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत, तीही फुकट! अशी चित्रं बघायला एरवी संग्रहालयाचं महागडं तिकीट काढावं लागतं. अंधाऱ्या कोनाड्यातला दिवा लावायला मात्र पेटीत नाणं टाकावं लागतं. सान पिएत्रो इन व्हिन्कोली चर्चमधला मायकेलअँजेलोने घडवलेला मोझेसचा पुतळाही असाच विनातिकीट. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. पिशवीत ओढणी किंवा पंचा ठेवाच.

कॉफी काउंटरवर उभ्यानेच प्या, टेबलाशी बसलात की दर वाढतो. आणि बूट जाड तळव्यांचे घाला, जुन्या भागात सगळीकडे दगडी फरसबंदी आहे.