मनाच्या गेटवर वही कशी ठेवावी

पाऊस जोरात लागला आणि मुलगा साडेआठपर्यंत घरी आला नाही, की माझ्या डोक्यात २६ जुलै सुरू होतो. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. आम्ही कुर्ल्याला राहतो, म्हणजे मिठी नदी घराच्या पायरीपर्यंत आलेली पाहिलेली माणसं. हे दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले, तेव्हा पायात चपला नव्हत्या. मुलगा तेव्हा माझ्या पोटात होता. आता तो स्वतः लोकलने जातो-येतो, आणि मी खिडकीशी उभी राहते.

रविवारी चर्च चुकवत नाही मी. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे बायबलमधलं वचन शाळेच्या वयापासून पाठ आहे. पण काळजी जात नव्हतीच, वर ‘आपला विश्वासच कच्चा’ ही टोचणी लागायची. एका दुखण्यावर दुसरं दुखणं. त्यातून थोडी वाट सापडली, ती सांगते. पद्धत जुनी आहे, मी फक्त कुर्ल्यात वापरून पाहिली.

आधी पहारा कोणाचा, ते समजून घ्या

ते वचन फिलिप्पैकरांस पत्राच्या ४ थ्या अध्यायातलं. तिथे प्रेषित पौल पुढे म्हणतो, की आपली मागणी आभारासह देवाला कळवा, म्हणजे देवाची शांती तुमची अंतःकरणे व तुमचे विचार ख्रिस्त येशूच्या ठायी ‘राखील’. हे लिहिताना तो स्वतः कैदेत होता. मूळ ग्रीक क्रियापद फौजेतलं आहे, शिपायांनी शहरावर पहारा ठेवावा तसं. फिलिप्पै ही रोमी वसाहत, निवृत्त सैनिकांना तिथे जमिनी दिलेल्या, त्यामुळे तिथल्या लोकांना हा शब्द लगेच कळला असणार. गंमत म्हणजे करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात पौलाने हेच क्रियापद दिमिष्काबद्दल, म्हणजे दमास्कस शहराबद्दल, वापरलंय. तिथे पहारा होता तो त्याला पकडायला, आणि तो टोपलीत बसून भिंतीवरून खाली उतरून पळाला होता. ज्याच्या वाटेवर पहारे बसले, त्यानेच शांतीला पहारेकरी म्हटलं.

यातून दोन गोष्टी कळतात. राखण करणारी शांती देवाची आहे. आपल्या वाट्याला आलंय ते कळवण्याचं काम. आणि पहारा आहे याचा अर्थ गल्लीतून कोणी जाणारच नाही असा नव्हे. वाईट विचार आला म्हणजे पाप झालं, हे डोक्यातून काढून टाका. तो आत येऊन पलंगावर बसला का, एवढंच बघायचं.

सात दिवस नुसती नोंद करा

आमच्या बिल्डिंगचा वॉचमन कोणालाही हाकलत नाही. वही पुढे करतो. नाव, कुठून आलात, कोणाकडे, किती वाजता. निम्मे फिरते विक्रेते वही बघूनच परत जातात.

तसंच करायचं. एक छोटी वही घ्या, नाहीतर मोबाईलच्या नोट्समध्ये लिहा. दिवसातून तीनदा, मनाला कुरतडणारा विचार एका ओळीत. वेळ घाला. ‘रात्री ८.४०, पाऊस, मुलगा, काहीतरी झालं असेल.’ ‘दुपारी ३, जाऊबाईंनी नवीन फ्लॅट घेतला, आपण इथेच.’ सुधारायचं काहीही नाही, रडायचं नाही, प्रार्थनाही या ओळीत कोंबायची नाही.

ही कल्पना माझी नव्हे. चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहणाऱ्या इवाग्रियस नावाच्या संन्याशाने एका पत्रात सल्ला दिला होता, की हृदयाचा द्वारपाल हो आणि आत येणाऱ्या प्रत्येक विचाराला विचार, तू आमच्यातला की शत्रूकडचा? त्याने त्रास देणाऱ्या विचारांचे आठ प्रकार मोजले: खादाडपणा, वासना, पैशाचा लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, पोकळ बडेजाव आणि गर्व. त्यातल्या कंटाळ्याचं वर्णन वाचाच. संन्यासी खोलीतून सारखा बाहेर येऊन सूर्याकडे बघतो, जेवणाची वेळ व्हायला अजून किती अवकाश आहे म्हणून. फोर्टातल्या कुठल्याही ऑफिसात दुपारी तीन वाजता घड्याळाकडे बघणारी माणसं आणि तो, फरक काय?

आठवड्याने वही उलटी चाळा. मला वाटलं होतं माझ्या मनात शंभर काळज्या आहेत. निघाल्या चार. त्याच पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या साड्या नेसून.

आता प्रश्न विचारा, आणि पहिल्याच प्रश्नावर थांबा

त्याच अध्यायाच्या ८ व्या वचनात पौलाने यादी दिली आहे: जे काही सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध, प्रशंसनीय, श्रवणीय, त्याचं मनन करा. बरेच जण ही यादी भिंतीवर लावतात आणि विसरतात. सगळी एकदम वापरायला गेलात तर दमाल. मी पहिल्या शब्दापाशीच थांबते. सत्य आहे का?

पाऊस पडतोय, हे सत्य. मुलगा आला नाही, सत्य. फोन लागत नाही, सत्य. ‘काहीतरी झालं असेल’, हे मात्र सत्य नाही, ती माझी जोड. २६ जुलै घडला होता हे खरं, पण आज २६ जुलै नाही. वहीत रेघ मारून दोन भाग करते: डावीकडे घडलेलं, उजवीकडे मी जोडलेलं. डावी बाजू नेहमी लहान निघते.

इथे एक सावध सूचना. हा प्रश्न दुसऱ्याला विचारायचा नसतो. घाबरलेल्या माणसाला ‘हे खरं आहे का ते बघ’ म्हटलं तर तो आपल्याशी बोलणं सोडेल. मी एकदा सासूबाईंना म्हटलं होतं. दोन दिवस चहा पाठवला नाही त्यांनी.

कधीकधी विचार खराच निघतो. नोकरी खरंच जाणार असते, रिपोर्ट खरंच वाईट असतो. तेव्हा पहिला प्रश्न संपला, पुढच्या पायरीवर जा.

मागणी कळवा, पण तपशिलासह

‘प्रभू, सगळ्यांचं भलं कर’ ही प्रार्थना वाईट नाही, पण तिने माझी काळजी सुटत नाही. मी डाव्या बाजूची ओळच वाचते: ‘प्रभू, पावणेनऊ वाजले. तो बहुतेक दादरला अडकलाय. त्याच्याकडे छत्री आहे, पैसे आहेत. मी इथून काही करू शकत नाही. तू बघ.’ मग पौलाने सांगितलेलं आभारप्रदर्शन, तेही नेमकं: काल तो वेळेवर आला, शेजारच्या मावशींनी मघाशी दार वाजवून विचारलं. आभार न मानता केलेली मागणी म्हणजे माझ्या बाबतीत तीच काळजी मोठ्याने म्हणणं होतं, एवढं मला वहीवरूनच कळलं.

लोकलमध्ये उभं राहूनही हे जमतं. डोळे मिटायची गरज नाही, आणि लेडीज डब्यात मिटूही नयेत.

रिकामी जागा रिकामी ठेवू नका

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात येशूने सांगितलेली गोष्ट मला सगळ्यात उपयोगी पडली. अशुद्ध आत्मा माणसातून निघतो, विसावा शोधत फिरतो, परत येतो तर घर रिकामं, झाडलेलं, सजवलेलं. मग तो आपल्यापेक्षा वाईट सात जणांना घेऊन येतो. घर झाडण्यात चूक नव्हती. आत कोणी राहायला नव्हतं, हे चुकलं. मन नुसतं ‘शांत’ करण्याच्या सगळ्या खटपटी माझ्या इथेच फसल्या.

म्हणून आठवड्याला एक वचन राहायला आणा. एकच. मोठं नको, घाटकोपर ते कुर्ला एवढ्या प्रवासात म्हणून होईल असं. सैतानाने रानात परीक्षा घेतली तेव्हा येशूने तिन्ही वेळा ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकातलं वचन म्हणूनच उत्तर दिलं. आयत्या वेळी सुचलं नव्हतं ते, आत होतं. वचन लक्षात राहत नसेल तर गाणं घ्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ताची भक्ती अभंग-ओवीच्या चालीत आणली. आमच्या मंडळीतल्या म्हाताऱ्यांना बायबलमधला अध्याय आठवत नाही, पण टिळकांची पदं शेवटच्या कडव्यापर्यंत येतात. भांडी घासताना म्हणायला पद बरं. कॅथलिक शेजारणी रोझरीचे मणी ओढतात, त्यांचंही तेच काम चाललेलं असतं.

रात्रीचा हिशोब

थोडक्यात सांगते. फोन दुसऱ्या खोलीत, नाहीतर फ्रिजवर. दहा मिनिटं दिवस मागे वळून बघा: कुठे देव जवळ वाटला, कुठे आपण घसरलो. सोळाव्या शतकात जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी असा शोध रोज घ्यायला शिकवलं. ‘सूर्य मावळण्यापूर्वी तुमचा राग मावळावा’ हे इफिसकरांतलं वचन मुंबईत अवघड आहे, इथे माणूस घरीच सूर्य मावळल्यावर येतो. झोपण्यापूर्वी मावळला तरी मी चालवून घेते.

आणि यातलं काहीच चाललं नाही तर

बायबलमधलं १ राजे, अध्याय १९ उघडा. एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, ‘आता पुरे’, आणि मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. डोंगर, वारा, भूकंप, देवाची वाणी, सगळं त्यानंतर. म्हणून वही उघडण्याआधी बघा: जेवलात का, झोप झाली का.

दोन आठवडे झोप उडालेली असेल, छाती धडधडत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर पाळक किंवा फादरांना सांगा आणि डॉक्टरकडेही जा. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६, फोनला पैसे लागत नाहीत. गोळी घेतल्याने विश्वास कमी होत नाही. एलियाचा भाकर खाल्ल्याने झाला नव्हता.

परवा पुन्हा पाऊस लागला. मी वहीत ‘रात्री ८.५०’ लिहिलं आणि रेघ मारली. उजव्या बाजूला पेन टेकवलं होतं, एवढ्यात बेल वाजली. मुलगा. पँट गुडघ्यापर्यंत ओली, हातात वडापावची पिशवी. ‘आई, पुन्हा खिडकीत होतीस ना?’ म्हणाला.

होते. पण या वेळी खुर्ची घेऊन बसले होते.