बारावीत एक बी प्लस आला? या चुका टाळा

रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि मुलगी शाळेच्या पोर्टलचं तेच पान पुन्हा पुन्हा उघडून बघतेय. केमिस्ट्रीत काल ९४.३ होते, आज ८८.६, म्हणजे ए वरून थेट बी प्लस. अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज भरायच्या दिवसांत असा आकडा दिसला की घरादाराची झोप उडते. आमचीही उडाली होती. नंतर ओळखीतल्या बऱ्याच मुलांचे अर्ज जवळून पाहिले, आणि आता ठामपणे सांगते: त्या एका ग्रेडने क्वचितच काही बिघडतं. घाबरून आपण जे करून बसतो, त्याने मात्र बिघडतं.

आधी कागद घेऊन हिशेब करा. नववी ते अकरावी, वर्षाला दोन सेमिस्टर, प्रत्येकी सहा विषय, म्हणजे ३६ ग्रेड. ३५ ए आणि एक बी असेल, तर ए ला ४ आणि बी ला ३ धरून, प्लस-मायनस न मोजता, जीपीए (सगळ्या ग्रेडची सरासरी) ४.० वरून ३.९७ वर येतो. एवढीच घसरण. शिवाय ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या ग्रेडचं पत्रक, एकटा जात नाही, सोबत शाळेची माहिती देणारं प्रोफाइल जातं. शाळेत कोणते एपी (कॉलेजच्या पातळीचे) किंवा ऑनर्स (नेहमीपेक्षा अवघड) विषय मिळतात, त्यातले मुलाने किती घेतले, वर्षागणिक ग्रेड चढले की उतरले, हे सगळं अर्ज वाचणाऱ्यासमोर असतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तर जीपीए काढताना नववीचे ग्रेड धरतच नाही. तेव्हाच्या विषयांत किमान सी असला म्हणजे झालं.

कारण न शोधता मुलाला बोलणं

आमची सगळ्यात मोठी चूक हीच. "फोन खाली ठेव, अभ्यास कर" हे मी चार वेळा म्हटलं असेन. दुसऱ्या दिवशी शांतपणे ग्रेडबुक उघडलं, तेव्हा कळलं की परीक्षेचे गुण हललेच नव्हते. लॅब रिपोर्टना ३० टक्के वजन होतं. पाचपैकी चार रिपोर्टना ९५ आणि पाचव्यापुढे शून्य, कारण तो जमाच झाला नव्हता! अर्जाचे निबंध लिहिण्याच्या गडबडीत राहून गेला होता. तिने तो त्याच दिवशी दिला, शिक्षकांनी उशिराबद्दल दहा गुण कापून ८५ दिले, आणि आकडा ९३.७ वर आला. म्हणून आधी विभागवार बघा: परीक्षा, होमवर्क, लॅब. नेमकी घसरण कुठे झाली ते दिसलं की उपायही दिसतो. परीक्षेतच गुण गेले असतील, तर तपासलेला पेपर घेऊन शिक्षकांना भेटायला मुलाने स्वतः जावं. पण अर्ध्या गुणासाठी हुज्जत घालू नये. शिफारसपत्र त्याच शिक्षकांकडून हवं असेल तर मुळीच नको.

अवघड विषय सोडून देणं

कॅल्क्युलसमध्ये बी येईल या भीतीने तो विषयच सोडणारी मुलं मी पाहिली आहेत. बारावीत काय शिकणार याची यादी अर्जात दिलेली असते, आणि वर्षाच्या मध्यावर काउन्सेलर, म्हणजे शाळेतले मार्गदर्शक, अनेक कॉलेजांना मिडइयर रिपोर्ट (तोवरचे ग्रेड) पाठवतात. बी दिसला तर दिसला. यादीतला विषय गायब झाला, तर त्याचं कारण द्यावं लागतं. तब्येतीसाठी किंवा झोपेसाठी सोडणं खरंच गरजेचं असेल तर सोडा, पण आधी काउन्सेलरशी बोला आणि कॉलेजला कळवा.

प्रत्येक बीचा खुलासा देणं

अनेक कॉलेजांचा एकच ऑनलाइन अर्ज असलेल्या कॉमन अ‍ॅपमधली जादा माहितीची जागा २०२५-२६ पासून ३०० शब्दांची झाली आहे. ती आजारपण, घरातलं संकट, शाळाबदल अशा गोष्टींसाठी ठेवा. "शिक्षिका फार कडक होत्या" हे वाक्य मुलाचंच नुकसान करतं. "अकरावीत अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तीन आठवडे शाळा बुडली, पुढच्या सेमिस्टरला पुन्हा ए आला" एवढं पुरतं. हेच काउन्सेलरने आपल्या पत्रात लिहिलं तर आणखी चांगलं. आणि एका बी प्लसबद्दल अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल पाठवू नका, पालकांनी तर नाहीच.

खरी घसरण मात्र लपवू नका

डी किंवा एफ आला, किंवा बारावीत तीन-चार विषय एकदम खाली गेले, तर ती गोष्ट वेगळी. प्रवेशाचं पत्र सशर्त असतं. शाळा संपल्यावर अंतिम ट्रान्सक्रिप्ट जातोच, आणि तो पाहून प्रवेश रद्द केल्याची उदाहरणं आहेत. अशा वेळी उन्हाळ्याची वाट बघू नये. आधी काउन्सेलरला गाठावं, मग मुलाने स्वतः कॉलेजला लिहावं: काय झालं, आता काय करतोय, कुणाची मदत घेतोय. अशी घसरण बऱ्याचदा अभ्यासाची नसतेच. मूल जेवत नाही, झोपत नाही, मित्रांशी बोलत नाही, असं दिसलं तर ग्रेडचं नंतर बघा, आधी डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्या.

राहिलं ते पोर्टल. आम्ही ते फक्त रविवारी संध्याकाळी, दोघींनी मिळून उघडायचं ठरवलं. पहिला आठवडा तिला फार जड गेला, मलाही. तिसऱ्या रविवारी मात्र आठवण मलाच करून द्यावी लागली.