एकचाकी सायकलची फ्रेम बनवून घेताना: नळीची निवड आणि बेअरिंगचे हाउसिंग

चाक, हब (चाकाचा मधला भाग) आणि टायर हातात आल्याशिवाय फ्रेमचे मोजमाप ठरवू नये. टायरमध्ये पूर्ण हवा भरून मग त्याची उंची व रुंदी घ्यावी, आणि चिखलात चालवायची असेल तर दोन्ही बाजूंना सढळ जागा सोडावी.

नळीसाठी ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेले) पोलाद निवडावे. ॲल्युमिनियम हलके असते म्हणून तेच घ्या, हा सल्ला सर्रास दिला जातो; पण त्याची घनता जशी पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, तशीच ताठरताही, त्यामुळे नळी जाड घ्यावी लागते. शिवाय ६०६१-टी६ या मिश्रधातूला वेल्डिंग केले की सांध्यालगतची ताकद बरीच घटते, आणि ती परत आणण्यासाठी अख्खी फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सिअसला तापवून, पाण्यात थंड करून पुन्हा मंद आचेवर मुरवावी लागते. ही सोय नसलेला कारागीर ‘काही होत नाही’ म्हणाला, तर काम तिथेच थांबवावे. टायटॅनियम वेल्ड करताना नळीच्या आतूनही आर्गॉन वायू सोडावा लागतो. खिसा भरलेला असेल तरच त्या वाटेला जावे. सीटपोस्ट (सीटचा दांडा) २५.४ मि.मी.चा असेल, तर सीटखालची नळी २८.६ मि.मी. व्यासाची आणि १.६ मि.मी. जाडीची लागते.

फ्रेमचा माथा, म्हणजे चाकाच्या वर जिथे तिचे दोन पाय (चाकाच्या दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या नळ्या) जुळतात तो भाग, सपाट ठेवायचा की गोल, हे खेळावर ठरते. फ्रीस्टाइलमध्ये (कसरतींच्या प्रकारात) माथ्यावर पाऊल टेकावे लागते, म्हणून तो सपाट हवा; डोंगरवाटेसाठी गोल बरा, कारण सपाट माथ्याचे कोपरे गुडघ्यांना घासतात.

खरी कसोटी बेअरिंगच्या हाउसिंगची, म्हणजे पायाच्या टोकाला बेअरिंग धरणाऱ्या, बोल्टने आवळायचे झाकण असलेल्या खोबणीची आहे, आणि नेमके त्याविषयीच कोणी बोलत नाही. हल्लीच्या बहुतेक हबना ४२ मि.मी. बाह्य व्यासाची बेअरिंगे असतात व त्यांच्यातील अंतर १०० मि.मी. असते; जुन्या हबना ४० मि.मी.चीही आढळतात, तेव्हा आपला हब मोजूनच घ्यावा. वेल्ड थंड होताना फ्रेमचा पाय ओढला जातो आणि दोन हाउसिंगे एका रेषेत राहत नाहीत. मग चाक जड फिरते आणि बेअरिंग लवकर खराब होते.

म्हणून टर्नरकडून हबच्या मापाचा भरीव खोटा आस बनवून घ्यावा आणि हाउसिंगे त्यावर आवळून आधी फक्त टाके (छोटे तात्पुरते वेल्ड) मारावेत. खऱ्या बेअरिंगवर वेल्डिंग करू देऊ नये. ग्रीस जळते आणि सील वितळते. आस हाउसिंगमध्येच ठेवून डावी-उजवी बाजू आलटूनपालटून वेल्ड करावी, आणि फ्रेम आपोआप गार होईपर्यंत आस काढू नये. घाईने पाणी मारणाऱ्याला मी कामाजवळ फिरकू देत नाही. हाउसिंगचे भोक आधी अर्धा मि.मी. कमी ठेवून (आसही त्याच मापाचा) वेल्डिंगनंतर झाकणे आवळून दोन्ही भोके एकाच सेटिंगमध्ये बोअर करून (अंतिम मापाला कोरून) घेणे सर्वांत उत्तम.

चाक बसवून ते कोणत्या पायाकडे झुकते ते पाहावे, मग चाक उलटवून पुन्हा पाहावे. झुकाव त्याच पायाकडे राहिला तर दोष फ्रेममध्ये आहे; बाजू बदलली तर चाकात, आणि तो आऱ्या आवळून निघतो. झाकणाचे बोल्ट बेअरिंग हलणार नाही इतपतच आवळावेत. बोल्ट किंचित सैल करताच चाक मोकळे फिरू लागले, तर बेअरिंगचा बाहेरचा कडा दबत होता असे समजावे.

पावडर कोटिंगला देताना हाउसिंगच्या आतील पृष्ठभागावर आणि सीटच्या नळीच्या तोंडाशी उष्णता सोसणारी पट्टी स्वतः चिकटवून द्यावी.