बोर्ड झकास, पण शॉर्ट

माझ्या डिझाइनचे सर्किट बोर्ड (पीसीबी) बनवून घ्यायला पहिल्या खेपेला मी नुसता दर बघून कंपनी निवडली. बोर्ड दिसायला झकास, पण मल्टीमीटर लावला तर पाचातले तीन शॉर्ट! भिंगाखाली पाहिलं, तर मायक्रोकंट्रोलर चिपच्या पायांजवळ दोन ट्रॅकमध्ये, म्हणजे तांब्याच्या रेघांमध्ये, तांब्याचा केसाएवढा पूल. चूक माझीच. मी ट्रॅकमधलं अंतर ठेवलं होतं ४ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे जेमतेम ०.१ मिमी, त्यांची मर्यादा ६ मिल. लिहिलेली होती, वाचतो कोण?

मग उलट्या बाजूनं सुरुवात केली. आधी कंपनीचे किमान ट्रॅक, अंतर आणि भोकाचे आकडे कीकॅड (KiCad) या बोर्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या डिझाइन रूल्समध्ये भरले, डीआरसी, म्हणजे त्या नियमांची आपोआप तपासणी, चालवली. सतरा चुका! जागा होती तिथे अंतर ८ मिल केलं. नवी कंपनी किंचित महाग, पण प्रत्येक बोर्डाची इलेक्ट्रिकल टेस्ट करते. या वेळी पाचही बोर्ड चालले.