थिएटरचे जुने स्पीकर किलोवर विकू नका

सोलापुरात एखादं जुनं एकपडदा थिएटर पाडायला निघालं की पडद्यामागचे स्पीकर थेट भंगाराच्या काट्यावर चढतात. जाणकार अशा स्पीकरना भाव देतात, म्हणून त्याआधी मालकाला गाठा, ते विकत घ्या आणि व्यवहाराची पावती घ्या.

आधी स्पीकरच्या तारांना मल्टिमीटर लावून रोध (ओहममध्ये) मोजा. १६ ओहमचा स्पीकर साधारण ११ ते १३ दाखवतो. आकडाच आला नाही तर आतली तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, तुटलेली. मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, वूफरचा (खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा) कागद टक् करून हलला पाहिजे. ड्रायव्हरला, म्हणजे स्पीकरच्या आवाज काढणाऱ्या भागाला, दोनाऐवजी चार तारा असतील तर तो बहुधा फील्ड कॉइलचा (कायम चुंबकाऐवजी विजेवरच्या चुंबकाचा), तो अजिबात सोडू नका. कागद थोडा फाटका असला तरी मूळचाच राहू द्या. जाणकार त्यालाच भाव देतात. नेमप्लेट घासून चकचकीत करू नका, दोन सारख्या स्पीकरची जोडी तर मुळीच फोडू नका.

पाठवताना ड्रायव्हर हॉर्नपासून (पुढच्या भोंग्यापासून) सोडवून जुन्या चादरीत वेगळा बांधा, नाहीतर टेम्पोच्या हिसक्यांनी सांधा तडकतो.

थिएटरचा पडदाही घेतलात तर त्याची घडी घालू नका, रेघ कायमची राहते. जाड पाइपवर गुंडाळा. चंदेरी पडदा ओल्या फडक्याने पुसायचा नाही, मुलामा निघतो.